खुनी मनोरुग्ण निघाला, असं लिहिण्याआधी

सोलापुरात माझं औषधांचं दुकान आहे. मनोविकाराच्या गोळ्या महिन्याच्या महिन्याला नेणारी बरीच घरं माझी गिऱ्हाइकं आहेत. रहस्यकथा मी शाळेपासून वाचते, अजूनही रात्री दुकानाचं शटर ओढलं की वाचते. या दोन्ही गोष्टी ठाऊक असलेली मंडळी कथेचे, एकांकिकेचे, हल्ली वेबसिरीजचे मसुदे माझ्याकडे पाठवतात. "अक्का, गोळ्यांची नावं तेवढी बघून द्या." नावं बहुतेक बरोबर असतात, ती मोबाइलवर मिळतात. गडबड असते ती बाकी सगळीकडे. त्या बाकीच्याबद्दल इथे लिहिते आहे. ज्यांना खून, तपास, अंधार असलेली गोष्ट लिहायची आहे आणि तिच्यात मानसिक आजार असलेलं माणूस आणायचं आहे, त्यांच्यासाठी.

मसुदे पुष्कळ येतात, पण साचा एकच. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या दिवसांत होम मैदानावर गर्दी, आकाशपाळणे, आणि पहाटे कंबर तलावाच्या काठी प्रेत. मग दुसरं, मग तिसरं. इन्स्पेक्टर झोपत नाही. शेवटच्या प्रकरणात कळतं, की खुनी म्हणजे गल्लीतला तो शांत कारकून. का केलं? तर त्याला आवाज ऐकू यायचे, त्याच्यात दोन माणसं होती आणि त्याने गोळ्या बंद केल्या होत्या. संपली गोष्ट. अडीचशे पानं वाचून वाचकाच्या हातात काय पडलं? एका आजाराचं नाव.

म्हणून पहिलं काम पेन्सिल घेऊन करायचं. मसुद्यात जिथे जिथे आजाराचा उल्लेख आहे तो खोडा. मग वाचा. खून कोणी केला आणि का केला, याचं उत्तर अजून उरतं का? उरत असेल तर कथा आहे. आजार परत आत घ्या, तो माणसाचा एक भाग म्हणून शोभेल. उत्तरच नाहीसं झालं, तर तुमच्याकडे अजून हेतू नाही, तो आधी शोधा. सोलापुरात हेतूंची वाण नाही. अक्कलकोट रोडकडची जमीन, भावाभावांत अडकलेला बंद कारखाना, खासगी सावकाराचं न फिटणारं व्याज, मुलीचं परजातीतलं लग्न. या कारणांनी माणसं माणसांना मारतात, आणि ती माणसं डॉक्टरी अर्थाने ठणठणीत असतात.

मी हे नुसत्या कळवळ्याने म्हणत नाही. अमेरिकेत 1998 साली मॅकआर्थर अभ्यासाचे निष्कर्ष आले. मनोरुग्णालयातून घरी सोडलेल्या लोकांची तुलना त्याच वस्तीतल्या शेजाऱ्यांशी केली होती. ज्यांना दारू किंवा अमली पदार्थांचं व्यसन नव्हतं, ते रुग्ण शेजाऱ्यांपेक्षा जास्त हिंसक नव्हते. व्यसन असलं की हिंसा वाढत होती, आणि ती शेजाऱ्यांतही वाढत होती. उपचार न झालेल्या तीव्र आजारात, भ्रम पक्के झालेले असताना, वर दारूची भर पडली तर धोका वाढतो हे खरं आहे, ते लपवू नका. तसं पात्र लिहायचं असेल तर खुनाच्या आधीचे महिने लिहा. झोप कधी गेली, जेवणात विष आहे असं तो कधीपासून म्हणू लागला, आई कुठे कुठे हात जोडून आली आणि कोणी काय सांगून परत पाठवलं. त्या महिन्यांत जी भीती आहे ती प्रेतांच्या रांगेत नाही.

दुसरं, आजार एकच निवडा. मसुद्यांमध्ये तीन वेगळ्या गोष्टी एका भांड्यात ढवळलेल्या असतात. स्किझोफ्रेनियात माणसाला नसलेले आवाज ऐकू येतात, नसलेले कट दिसतात, आणि हळूहळू बोलणं, उत्साह, स्वतःची निगा हे सगळं ओसरत जातं. त्याच्यात दोन माणसं राहत नाहीत. एका देहात अनेक ओळखी असणं हा निराळा, फारच विरळा विकार आहे. लहानपणीच्या भयंकर आघातांशी त्याचा संबंध जोडला जातो, आणि तो झालेलं माणूस बहुधा स्वतःलाच इजा करून घेतं. थंड डोक्याने फसवणारा, कोणाचंच दुःख न जाणवणारा माणूस ही तिसरी जात. त्याला आवाज ऐकू येत नाहीत, त्याचं वास्तवाचं भान पक्कं असतं. तुमच्या खुन्याने सहा महिने आखणी केली असेल, हातमोजे घातले असतील, सीसीटीव्ही चुकवला असेल, तर त्याला शेवटच्या पानावर स्किझोफ्रेनिया चिकटवू नका. तीव्र भ्रमात असलेल्या माणसाचं विचारांचं सूतच विस्कटलेलं असतं. त्याला सिटी बस बदलून जुळे सोलापूरला जाणं जड जातं.

वयही बघा. स्किझोफ्रेनिया बहुधा विशीच्या आसपास सुरू होतो. पन्नाशीपर्यंत नीट नोकरी केलेला माणूस एका रात्रीत आवाज ऐकू लागला, तर डॉक्टर आधी मेंदू, दारू, थायरॉइड, संसर्ग तपासतील. तुमच्या कथेतल्या डॉक्टरनेही तेच करावं.

आवाजांबद्दल थोडं थांबून सांगते, कारण इथे सगळे लेखक एकच वाक्य लिहितात: "मार त्याला." स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या मानववंशशास्त्रज्ञ टान्या लुरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चेन्नई, घानातलं अक्रा आणि कॅलिफोर्निया अशा तीन ठिकाणी आवाज ऐकणाऱ्या प्रत्येकी 20 माणसांशी बोलून घेतलं. अमेरिकेतल्या लोकांनी हिंसक, अनोळखी आवाजांबद्दल सांगितलं. चेन्नईतल्या पुष्कळांना नात्यातल्या माणसांचे आवाज येत होते. ते रागवायचे, पण घरकामही सांगायचे. आंघोळ कर, बाजारातून हे आण, स्वयंपाकाचं बघ. मला हे वाचून नवल वाटलं नाही. गिऱ्हाइकांपैकी एका बाईंना वारलेल्या सासूबाईंचा आवाज यायचा, आणि सासूबाई त्यांना भाकरी जाड झाली म्हणून बोलायच्या.

आता हे सोलापुरात आणून बघा. तुमचं पात्र शहराच्या पूर्व भागातलं, पद्मशाली म्हणजे विणकरांच्या घरातलं, घरात तेलुगू बोलणारं असेल तर आवाजही तेलुगूच बोलेल. शाळा मराठी, कारखान्यात हिंदी, आजोळ कन्नड, तर कोणता आवाज कोणत्या भाषेत येतो हे ठरवा. इन्स्पेक्टर लातूरचा असेल आणि संशयित कोपऱ्यात बसून तेलुगूत पुटपुटत असेल, तर हवालदाराला दुभाषी व्हावं लागेल. आणि हवालदाराला कळेल, की याला कोणीतरी "नळ आलाय, घागरी भर" म्हणून ओरडतंय. चार-पाच दिवसांनी पाणी येणाऱ्या शहरातला हा आवाज. असा प्रसंग वाचला की पान उलटताना माझा हात थांबतो.

गोळ्यांचं आता सांगते, तो माझा प्रांत.

एक डोस चुकला आणि त्याच रात्री खून झाला, असं होत नाही. गोळ्या थांबल्यावर आजार उलटायला साधारण आठवडे लागतात, कधी महिने. सुरुवात झोपेपासून होते. रात्री दोनला स्वयंपाकघरात दिवा दिसतो. मग जेवण कमी, मग मोबाइलची बॅटरी काढून ठेवणं. घरच्यांना हा क्रम पाठ असतो. ज्यांना रोज गोळी घ्यायची नसते त्यांना महिन्याचं इंजेक्शन असतं, म्हणजे तुमच्या पात्राने गोळ्या बेसिनमध्ये ओतायच्या आणि सैतान व्हायचं, हा प्रसंग तिथेही बसत नाही.

गोळ्यांचे त्रास लिहा, त्यात तपासकथेला हवा तेवढा माल आहे. हॅलोपेरिडॉलसारख्या औषधाने काहींना एका जागी बसवत नाही. पाय हलत राहतात, उठतात, बसतात, पुन्हा उठतात, आतून कोणी ढकलतंय असं वाटतं. अशा माणसाला चौकशीच्या खुर्चीत बसवा. इन्स्पेक्टरला वाटणार, हा घाबरलाय, याने काहीतरी केलंय. वाचकालाही तसंच वाटू द्या. पन्नास पानांनी एखादी नर्स सांगेल, की हा औषधाचा परिणाम आहे. ओलान्झापिनने वजन वाढतं आणि सकाळ जड जाते, साडेसातच्या पाळीला उठवत नाही, नोकरी जाते. क्लोझापिन घेणाऱ्याची उशी लाळेने ओली होते, आणि त्याला नेमाने रक्त तपासावं लागतं, सुरुवातीला दर आठवड्याला, कारण पांढऱ्या पेशी धोकादायक उतरू शकतात. त्या रक्ततपासणीच्या कागदावर तारीख, वेळ असते. खुनाच्या सकाळी तुमचा संशयित प्रयोगशाळेच्या बाकावर बसला होता, हे त्या कागदावरून सिद्ध होऊ शकतं.

लिथियमची गोष्ट तर सोलापूरसाठीच आहे. बायपोलर आजारात, म्हणजे मन कधी फार उसळतं तर कधी फार खचतं त्या आजारात, ते दिलं जातं आणि रक्तातली त्याची पातळी थोडक्या मर्यादेत राखावी लागते. मे महिन्यात पारा 43-44 वर गेला, माणूस पत्र्याखाली यंत्रमागावर घामाने निथळला, जोडीला जुलाब-उलट्या झाल्या, की अंगातलं पाणी घटतं आणि लिथियमची पातळी चढते. हात कापतात, चाल अडखळते, जीभ जड होते. रस्त्यावर लोक म्हणतात, प्यायलाय. पोलीस म्हणतात, प्यायलाय. खरं तर त्याला तातडीने दवाखान्यात न्यायला हवं असतं. एका माणसाचा जीव कोठडीत जाईल की सिव्हिलमध्ये वाचेल, या एका तासावर आख्खं प्रकरण उभं राहतं. कोणी वेडं व्हायची गरज नाही.

दुकानदार म्हणून एक धागा फुकट देते. झोपेच्या आणि चिंतेच्या काही गोळ्या, अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोल्पिडेम, या एच-1 अनुसूचीत, म्हणजे विक्रीची वेगळी नोंद लागणाऱ्या औषधांच्या सरकारी यादीत येतात. त्या विकल्या की वेगळ्या रजिस्टरात नोंद होते: चिठ्ठी देणाऱ्या डॉक्टरचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध, किती दिलं. ते रजिस्टर तीन वर्षं ठेवावं लागतं. तुमच्या कथेत कोणाला गुंगी दिली गेली असेल तर तपास अधिकाऱ्याने ते रजिस्टर मागायला हवं. आणि घरात सापडलेल्या स्ट्रिपा मोजायला हव्यात. महिन्याची तीस गोळ्यांची चिठ्ठी, शेवटची खरेदी पंचवीस दिवसांपूर्वीची, आणि पिशवीत अठ्ठावीस गोळ्या शिल्लक. म्हणजे माणूस गोळ्या घेत नव्हता, आणि घरातलं कोणीतरी तो घेतोय असं सांगत होतं. ते कोण, आणि का?

इथे मला काउंटरवरचं एक दृश्य लिहायलाच हवं. विड्या वळणाऱ्या एक मावशी मुलासाठी गोळ्या न्यायला येतात. बोटांची टोकं तंबाखूने पिवळी. दुकानात दुसरं गिऱ्हाईक असलं की त्या बाजूला उभ्या राहतात, खोकल्याच्या गोळ्यांच्या बरणीकडे बघत. मोकळं झालं की चिठ्ठी पुढे सरकवतात, घडी न उलगडता. गोळ्या कागदी पाकिटात, पाकीट वर्तमानपत्रात, वर काळी पिशवी. बिल नको म्हणतात, कारण बिलावर डॉक्टरांचं नाव येतं आणि त्या डॉक्टरांकडे कोण जातं हे गल्लीला माहीत असतं. मुलीचं लग्न व्हायचंय. एकदा टीव्हीवर कुठल्याशा मालिकेत असाच एक मुलगा रात्री घरच्यांना मारतो असं त्यांनी पाहिलं. दुसऱ्या दिवशी आल्या आणि हळूच विचारलं, "अक्का, आमचा पण तसं करंल का ओ?" त्यांचा मुलगा दिवसभर उंबऱ्यात बसून शेजारच्या पोरांचे पतंग सोडवून देतो. त्या रात्री मावशींनी सुरी आणि विळी उशाखाली घेऊन झोप काढली होती.

तुमची मालिका बघणाऱ्यांत त्या मावशी आहेत, एवढं धरून लिहा. आणि कथेलाही त्या हव्यातच. मसुद्यांत मनोरुग्ण पात्राला कधी कोणी नसतं, तो एका अंधाऱ्या खोलीत एकटा असतो, भिंतीवर फोटो आणि लाल दोरे. आपल्याकडे बहुतेकांना आई असते, बहीण असते, चिडलेली वहिनी असते, डब्यातल्या पैशांतून औषध आणणारा बाप असतो. या माणसांना काय माहीत आहे, ती काय लपवतात, पोलिसांना अर्धवट काय सांगतात, यावर तपास फिरवता येतो. लाल दोऱ्यांपेक्षा वर्तमानपत्रात गुंडाळलेलं ते पाकीट मला जास्त गूढ वाटतं.

दवाखाना दाखवताना झटक्यांचा प्रसंग येतोच: माणूस जागा, बांधलेला, किंचाळतोय, डॉक्टर शिक्षा दिल्यासारखं बटण दाबतोय. विजेचे उपचार रोममध्ये चेर्लेत्ती आणि बिनी यांनी 1938 साली सुरू केले, आणि सुरुवातीला ते भूल न देता व्हायचे, हे खरं. पण कथा आजची असेल तर 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा वाचा. भूल आणि स्नायू शिथिल करणारं औषध दिल्याशिवाय हा उपचार करायला त्यात मनाई आहे. साखळीने बांधायलाही मनाई आहे. नियम मोडणारा डॉक्टर दाखवायचा असेल तर खुशाल दाखवा, पण मग तो गुन्हेगार म्हणून पकडलाही जायला हवा. आणि सगळं येरवड्याच्या उंच भिंतींआड नेऊ नका. बहुतेक लोक बाह्यरुग्ण विभागात केसपेपर धरून रांगेत बसतात आणि दुपारी घरी जाऊन जेवतात.

दवाखान्याच्या आधीचा मुक्काम मात्र विसरू नका. आपल्या भागात कितीतरी घरं आधी देवऋष्याकडे, दर्ग्यात, गाणगापूरला जाऊन येतात. त्यांच्या श्रद्धेची टिंगल करू नका, त्यांना तिथे धीर मिळतो म्हणून ती जातात. पण अंगातलं काढतो म्हणून कोणी मारहाण करत असेल, डांबून ठेवत असेल, तर तो महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. तमिळनाडूत एरवाडीला 6 ऑगस्ट 2001 रोजी पहाटे एका खासगी आश्रयगृहाला आग लागली आणि साखळ्यांनी बांधलेले 28 मनोरुग्ण जळून मेले. ओरडत होते, पळता येत नव्हतं. काळीकुट्ट गुन्हेगारी कथा लिहायची आहे ना? मग साखळीची किल्ली ज्याच्या खिशात होती त्याच्याबद्दल लिहा. माझ्या मते या विषयातला सर्वांत अस्सल थरार तिथे आहे. खुनी म्हणून मनोरुग्ण शेकड्यांनी झाले, पण ज्याची साक्ष कोणी धरत नाही असा साक्षीदार म्हणून, किंवा ज्याला मारलं तरी कोणी विचारत नाही असा बळी म्हणून तो मसुद्यांत जवळजवळ येतच नाही. प्रत्यक्षात मात्र अशी माणसं मार देण्यापेक्षा खातात जास्त.

कायद्याचा भाग वकील मित्राकडून तपासून घ्या, पण मुद्दे माझ्याकडून ऐका. आरोपी "वेडा" ठरला की सुटला, असं नसतं. भारतीय दंड संहितेचं कलम 84 आता भारतीय न्याय संहितेत कलम 22 झालंय. त्यात प्रश्न एवढाच, की कृत्य करताना, त्या घडीला, आपण काय करतोय किंवा ते चूक, बेकायदा आहे हे कळण्याची कुवत त्याच्यात होती का. डॉक्टरांची जुनी फाइल एकटी पुरत नाही. ते सिद्ध करण्याचा भार आरोपीवर असतो, सर्वोच्च न्यायालयाने 1964 च्या दह्याभाई ठक्कर खटल्यात ते उलगडून सांगितलंय. हत्यार लपवलं, रक्ताचे कपडे धुतले, पळून गेला, तर न्यायालय म्हणणार, त्याला कळत होतं. आणि या कारणाने निर्दोष सुटला तरी तो दुसऱ्या दिवशी नवी पेठेत चहा पीत नाही, त्याला सुरक्षित ताब्यात कुठे ठेवायचं हा प्रश्न उरतोच.

रस्त्यावर भटकणारा मनोरुग्ण पोलिसांनी संरक्षणात घेतला तर 2017 च्या कायद्याप्रमाणे त्याला 24 तासांच्या आत सरकारी दवाखान्यात न्यावं लागतं, कोठडीत ठेवता येत नाही. दवाखान्यात उपचार घेणाऱ्याचा फोटो किंवा माहिती त्याच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही. एखादा वार्ताहर पात्र म्हणून असेल तर या शेवटच्या नियमावर त्याची आणि तुमच्या इन्स्पेक्टरची चांगली जुंपेल.

बोलीबद्दल एवढंच, की हवालदाराने "येडं हाय ते" म्हणावं, गल्लीने "येरवड्याला पाठवा" म्हणावं, ते खरं वाटतं. निवेदकाने तसं म्हणू नये. निवेदक तुम्ही आहात.

कथेत आत्महत्या असेल तर ती कशी केली हे तपशिलाने लिहू नका. औषधाचं नाव आणि किती गोळ्या हे तर अजिबात नाही. त्यासाठी मला फोन येतात आणि मी उत्तर देत नाही. छापील असो की पडद्यावर, कथेच्या शेवटी टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक द्या. केंद्र सरकारची ही मोफत सेवा ऑक्टोबर 2022 पासून आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

मसुदा पुरा झाला की तो दोघांना वाचायला द्या. एक जण रहस्यकथांचा पट्टीचा वाचक असावा, त्याला खुनी आधी कळला का ते विचारा. दुसरं कोणी ज्याच्या घरात हा आजार आहे असं, किंवा ज्याला स्वतःला आहे असं. "आवडलं का" असं विचारू नका, भिडेने हो म्हणतील. "कुठे वाचायचं थांबलात?" असं विचारा. ज्या पानावर ते थांबले, तिथून पुन्हा लिहायला घ्या.